ओढ्याकाठच्या मातीत गांडुळं आणून सोडावीत का? पाचोळा, नत्र-स्फुरद आणि पाणी यांचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे: ओढ्याच्या दोन्ही काठांना १०-१२ मीटरचा पट्टा राखून त्यात मिश्र झाडं लावलीत, ती आता मोठी झाली आणि पाचोळा पडायला लागलाय. काही जागी तो दोन-तीन महिन्यांत गायब होतो, काही जागी वर्षभर काळा लगदा होऊन तसाच पडून राहतो. तर गांडूळखताच्या खड्ड्यातली गांडुळं आणून सोडली तर सगळीकडे नीट कुजेल का, मातीचा कस वाढेल का, आणि त्यातून सुटलेलं नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) ओढ्यात जाऊन पाणी खराब तर नाही ना करणार?

आधी सरळ उत्तर देतो. गांडुळं आणून सोडू नका. खड्ड्यातली तर अजिबात नको, ती तिथे टिकणारच नाहीत. आणि दुसरी कुठली आणून ती टिकली, तर ते कदाचित जास्त वाईट. पाचोळा कुठे राहतो न् कुठे जातो हे मुख्यतः ठरतं ते पानं कुठल्या झाडाची आहेत आणि ती जागा किती दिवस पाण्याखाली असते यावरून, गांडुळांची संख्या हा बराचसा त्याचा परिणाम असतो, मूळ कारण ती कमी वेळा असते. आता हे नीट समजून घ्यायचं तर थोडं लांबण लागणार, वेळ असेल तेव्हा वाचा.

पहिली गोष्ट, गांडूळ स्वतः कुठलंही पोषणद्रव्य तयार करत नाही. सगळीकडे फिरणारे आकडे तुम्ही पाहिले असतील, की गांडुळाच्या विष्ठेत नत्र ५ पट, स्फुरद ७ पट आणि पालाश (पोटॅशियम) ११ पट असतं. हे आकडे खोटे नाहीत, १९४४ साली अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये लंट आणि जेकबसन या दोघांनी विष्ठेची तुलना वरच्या १५ सेंटिमीटर मातीशी केली होती त्यातले आहेत. पण त्यात तुलना होती ती नायट्रेट रूपातल्या नत्राची आणि झाडांना लगेच मिळेल अशा स्फुरद-पालाशची, एकूण साठ्याची नाही. म्हणजे जे पानात आणि मातीत आधीच अडकून पडलेलं होतं ते सुटं झालं आणि एका जागी गोळा झालं, बस्स. शिवाय गांडूळ निवडून खातं, पाचोळ्याचे तुकडे असलेली चांगली माती आधी खातं, त्यामुळे त्याच्या विष्ठेत माल जास्त दिसणारच. शेतात हे सुटं होणं बहुतेक वेळा फायद्याचंच असतं. ओढ्याच्या काठावर मात्र लगेच पुढचा प्रश्न येतो, की सुटं झालेलं नत्र घ्यायला त्या क्षणी मुळं तयार आहेत का, आणि नसतील तर पाणी त्याला कुठल्या वाटेने नेणार आहे. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे, गांडुळं किती हा प्रश्न नंतरचा.

दुसरं म्हणजे सगळी गांडुळं एकच काम करत नाहीत. फ्रान्सच्या मार्सेल बुशे यांनी १९७७ मध्ये केलेली तीन गटांची विभागणी आजही वापरतात. एक गट पाचोळ्यातच राहणारा, वरच्या वर, छोटा, बहुधा लालसर किंवा गडद रंगाचा, याला एपिजेइक म्हणतात. दुसरा मातीच्या आत आडवीतिडवी बिळं करत माती खात फिरणारा, फिकट, राखाडी-गुलाबी, हा एंडोजेइक. तिसरा ॲनेसिक, म्हणजे उभं खोल कायमचं बीळ करून राहणारा, रात्री वर येऊन पानं ओढून आत नेणारा, युरोपातलं लंब्रिकस टेरेस्ट्रिस हे त्याचं नेहमीचं उदाहरण, त्याची बिळं मीटरभर सहज जातात, कधी त्याच्याही खाली. गांडूळखतातलं आयसेनिया फेटिडा हे पहिल्या गटातलं, त्यातही अगदी टोकाचं, त्याला शेणाचा किंवा कुजत्या ढिगाचा जाड ओलसर थर लागतो. ते साध्या मातीत टाकलं की काही आठवड्यांत मरतं नाहीतर निघून जातं. म्हणून खड्ड्यातली गांडुळं सोडणं म्हणजे थोडंसं नत्र मातीत टाकण्यासारखंच आहे, कारण गांडुळाच्या कोरड्या वजनात साधारण १० टक्के नत्र असतं आणि मेल्यावर ते शरीर फार पटकन कुजतं.

(जाता जाता, ॲनेसिक गांडुळं पान कसं ओढतात हे डार्विनने इतक्या चिकाटीने पाहिलं होतं की वाचताना हसू येतं. कागदाचे त्रिकोण कापून ठेवले आणि गांडुळं ते कुठल्या कोपऱ्याने ओढतात ते मोजलं, तर बहुतेक अणकुचीदार टोकाकडून ओढत होती, म्हणजे बिळात सहज शिरेल असं. हे १८८१ मध्ये छापलं. इंग्लंडमधल्या बऱ्याच भागात एकरी वर्षाला १० टनांहून जास्त कोरडी माती गांडुळांच्या पोटातून जाते असा अंदाजही त्याचाच.)

आता पाचोळा. पान जमिनीवर पडलं की गांडूळ लगेच त्याच्यावर तुटून पडत नाही. आधी पाऊस त्यातलं विरघळणारं सगळं धुवून नेतो, पालाश सगळ्यात आधी, कारण तो पानात कशालाच बांधलेला नसतो, मग साखरा, फिनॉल आणि स्फुरदाचाही बराच भाग. पाण्यात पडलेल्या पानाचं तर पहिल्या दिवस-दोन दिवसांतच काही जातींमध्ये पाव हिश्शापर्यंत कोरडं वजन जातं. मग बुरशी येते, जिवाणू येतात, पान मऊ पडतं, कडवट संयुगं कमी होतात, आणि तेव्हा गांडुळाला ते खावंसं वाटतं. म्हणजे नवीन पडलेली पानं आठवडाभर तशीच आहेत म्हणून काळजी करू नका, तो काळ बुरशीचा आहे.

मग किती वेळ लागणार हे पानाच्या प्रकारावर. कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे नत्राच्या किती पट कर्ब आहे, हा पहिला अंदाज. सूक्ष्मजीवांच्या शरीरात ते साधारण ८ च्या आसपास असतं, खाल्लेल्या कर्बातला बराचसा ते श्वसनात जाळतात, म्हणून खाद्यात हे गुणोत्तर २० ते २५ च्या खाली असेल तर नत्र उरतं आणि मातीत सुटतं, त्याच्या बरंच वर असेल तर उलट सूक्ष्मजीवच मातीतलं नत्र ओढून घेतात आणि काही काळ अडकवून ठेवतात. अल्डरसारखी नत्र स्थिर करणारी झाडं ओढ्याकाठी खूप ठिकाणी असतात, त्यांच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचा जिवाणू हवेतलं नत्र पकडतो, त्यांचं पान नत्राने भरलेलंच खाली पडतं आणि लवकर जातं. ओक, बीच, पाईन यांचं उलट, गुणोत्तर ४०, ५०, पाईनच्या सुयांमध्ये त्याहूनही जास्त, वर लिग्निन आणि टॅनिन ही सावकाश कुजणारी द्रव्यं. पण फक्त नत्र बघून चालत नाही, कॅल्शियमकडे लोक लक्षच देत नाहीत. पोलंडमध्ये एकाच जागी १४ जातींची झाडं वेगवेगळ्या तुकड्यांत लावलेला एक जुना प्रयोग आहे, त्यावरचं काम २००५ मध्ये आलं, त्यात जिथे पाचोळ्यात कॅल्शियम जास्त तिथे मातीचा पीएच जास्त (म्हणजे आम्लता कमी) आणि गांडुळं जास्त असं सरळ दिसलं. गांडुळाच्या अन्ननलिकेपाशी कॅल्शियमच्या ग्रंथी असतात, काही जाती तर कॅल्साइटचे बारीक दाणे बाहेर टाकतात, म्हणजे कॅल्शियमचा खेळ त्यांच्या अंगातच आहे. आणि पीएच ४.५ च्या खाली गेला की बहुतेक जाती नकोच म्हणतात.

म्हणजे तुमच्याकडे ज्या जागी पाचोळा लवकर जातोय तिथे वर बघा, डोक्यावर कुठलं झाड आहे. माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त वेळा उत्तर तिथेच मिळतं, खाली उकरायची गरज पडत नाही.

गांडुळांचा वाटा खरंच किती आहे हे पाहायचं असेल तर जाळीच्या पिशव्यांचा प्रयोग सगळ्यात सोपा. इंग्लंडमध्ये १९६३ मध्ये एडवर्ड्स आणि हीथ यांनी ओक आणि बीचच्या पानांच्या चकत्या वेगवेगळ्या भोकांच्या पिशव्यांत घालून मातीत पुरल्या, ७ मिलिमीटर भोकाची पिशवी जिच्यात गांडूळ जाऊ शकतं ती कितीतरी आधी रिकामी झाली, बारीक भोकाच्या पिशवीत चकत्या सावकाश कमी झाल्या आणि अगदी बारीक जाळीत, जिथे फक्त सूक्ष्मजीव पोचतात, तिथे त्या जवळपास तशाच राहिल्या. हे तुम्हीही करू शकता, एकाच झाडाची सावलीत वाळवलेली पानं वजन करून ५ मिलिमीटरहून मोठ्या आणि १ मिलिमीटरहून बारीक जाळीत भरा, काठापासून वेगवेगळ्या अंतरांवर ठेवा, दर काही आठवड्यांनी एकेक जोडी उचलून माती झटकून वाळवून वजन करा. दोन्ही पिशव्या सारख्याच मंद असतील तर तिथे गांडुळांना पान आवडत नाही किंवा हवाच मिळत नाही. फक्त मोठ्या भोकाची रिकामी होत असेल तर गांडुळं आणि बाकीचे मोठे किडे काम करतायत. एक सावधगिरी, मोठ्या भोकातून चुरा आपोआपही गळतो, म्हणून पिशवी उचलताना खाली ट्रे धरा.

आता पाण्याकडे येतो, कारण ओढ्याकाठची माती आणि इतर माती यात फरक तिथेच आहे. गांडूळ नत्र बाहेर टाकतं ते मुख्यतः अमोनिया आणि युरियाच्या रूपात, शिवाय अंगावरची बुळबुळ म्हणजे म्युकस, त्यातही नत्र. बिळाच्या भिंतीला हे सगळं लागत राहतं, तिथे हवाही खेळती, त्यामुळे अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू तिथे भरपूर. बिळाच्या भोवतीच्या या काही मिलिमीटरच्या कवचाला ड्रिलोस्फिअर म्हणतात. नायट्रेटवर ऋण भार असतो, मातीचे कणही बहुतेक ऋणच, त्यामुळे ते मातीला चिकटत नाही, पाणी हललं की ते हललं. म्हणजे गांडुळांनी नायट्रेट वाढवलं आणि मुळांनी घेतलं नाही तर ते ओढ्याच्या दिशेने निघालं.

पण वाटेत काठाची ओली माती असते आणि तिथे गंमत होते. भूजल वर असतं, पाण्याने भरलेल्या थरात ऑक्सिजन संपलेला असतो, आणि तिथल्या जिवाणूंना पाचोळ्यातून-मुळांतून आलेला कर्ब मिळाला की ते ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरून श्वसन करतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. हे डीनायट्रिफिकेशन. १९८४ मध्ये अमेरिकेत मेरीलँडमध्ये पीटरजॉन आणि करेल यांनी आणि जॉर्जियात लॉरन्स वगैरे मंडळींनी, दोन वेगळ्या कामांत, शेतातून येणारं नायट्रेट काठच्या झाडांच्या पट्ट्यात मोठ्या प्रमाणात अडतं हे दाखवलं, आज जगभर जे बफर पट्टे सोडायला सांगतात त्यामागे ही कामं आहेत. तीन गोष्टी एका जागी हव्यात: नायट्रेट, कर्ब आणि ऑक्सिजन नसणं. पाचोळा दुसरी गोष्ट पुरवतो, आणि गांडुळं तो पाचोळा खाली नेऊन मातीत मिसळतात हे इथे चांगलंच आहे, कारण पृष्ठभागावरच्या कर्बाचा खालच्या ओल्या थराला काय उपयोग.

बिघडतं कुठे, तर खोल उभ्या बिळांमुळे. जोराचा पाऊस झाला की पाणी मातीच्या अंगातून झिरपत न जाता बिळातून सरळ खाली जातं, ज्या थरात नायट्रेटने काही तास-दिवस थांबायला हवं होतं तो थर वगळून. चिकण मातीत हा फरक जास्त, रेताड मातीत कमी, कारण तिथे पाणी तसंही पटकन जातं. आणि मातीखाली निचऱ्याचे पाइप टाकले असतील तर विसरा, पाइपाने शेतातलं पाणी पट्ट्याच्या खालून थेट ओढ्यात नेऊन सोडलं तर वर कितीही चांगलं जंगल असो, त्या पाण्याशी त्याची भेटच होत नाही. अशा ठिकाणी गांडुळांवर चर्चा करत बसण्याआधी पाइपाचं तोंड शोधा.

वायूचंही सांगून टाकतो, कारण कोणीतरी विचारणारच. गांडुळाच्या आतड्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, तिथे मातीबरोबर गेलेले जिवाणू जागे होतात आणि नायट्रस ऑक्साइड सुटतो, जो हरितगृह वायू आहे. २०१३ मध्ये बऱ्याच प्रयोगांचं एकत्र विश्लेषण आलं, त्यात गांडुळं असताना नायट्रस ऑक्साइड ४२ टक्क्यांनी आणि कार्बन डायऑक्साइड ३३ टक्क्यांनी जास्त सुटलेला दिसला. यावरून गांडुळं वाईट असं काढू नका, त्यातले बहुतेक प्रयोग प्रयोगशाळेतल्या भांड्यांतले होते आणि बऱ्याच भांड्यांत झाडच नव्हतं, नत्र घ्यायला मुळंच नाहीत म्हटल्यावर दुसरं काय होणार.

स्फुरदाची गोष्ट वेगळी, त्याला हवेत पळायला वाट नाही. काठाचा पट्टा नत्र घालवू शकतो, स्फुरद फक्त साठवू शकतो किंवा सोडू शकतो. तो मातीत लोहाच्या आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांना चिकटून बसतो. जमीन बराच काळ बुडाली आणि ऑक्सिजन संपला की लोह विरघळणाऱ्या रूपात जातं आणि त्याला धरून बसलेला स्फुरद सुटतो. इथे एक गोष्ट स्वतः बघण्यासारखी आहे. काठाजवळ, जिथे खालची माती निळसर-राखाडी आहे, तिथे फावड्याने एक उभा काप घ्या आणि ढेकूळ हातात घेऊन गांडुळाच्या किंवा जुन्या मुळाच्या बिळाच्या रेषेवरच हळूच मोडा. बिळाच्या भिंतीला गंजासारखा नारिंगी-तांबूस थर दिसेल, आणि त्यापासून काही मिलिमीटरवर परत राखाडी माती. हवा बिळातून खाली गेली, तिथपर्यंत आलेलं विरघळलेलं लोह तिथे गंजून बसलं. स्फुरद या ताज्या गंजाला फार घट्ट चिकटतो. म्हणजे त्याच बिळातून एकीकडे नायट्रेट निसटतं आणि त्याच बिळाच्या भिंतीवर स्फुरद पकडला जातो, म्हणून गांडुळं चांगली की वाईट असा एका वाक्यात निकाल मागू नका.

विष्ठेचा मुद्दा मात्र स्फुरदाच्या बाबतीत खरा काळजीचा. ताजी विष्ठा मऊ असते, पावसाच्या थेंबाने लगेच फुटते आणि वाहते, वाळून जुनी झाली की आजूबाजूच्या मातीपेक्षाही टिकाऊ होते. न्यूझीलंडमध्ये शार्पली आणि सायर्स यांनी १९७६ मध्ये कुरणांवर दाखवलं की पृष्ठभागावरच्या विष्ठेतून वाहत्या पाण्यात स्फुरद जाऊ शकतो. पण त्यांच्याच १९७९ च्या कामात गांडुळं औषध टाकून मारली तर पाणी मुरणं कमी झालं आणि वरून वाहणारं पाणी वाढलं. दोन्ही एकदम खरं आहे. उपाय साधा आहे, उघडी जमीन ठेवू नका. वर पाचोळ्याचा किंवा गवताचा थर असेल तर थेंब थेट विष्ठेवर आदळत नाही, आणि वाहिलीच तर गवतात अडते. उतारावर, पाण्याच्या अगदी कडेला, पायवाटेवर, जनावरं पाणी प्यायला उतरतात तिथे विष्ठेचे ढीग आणि उघडी माती एकत्र दिसली तर तिथे आधी लक्ष द्या.

पुराचं काय? गांडुळं पाण्यात बुडून मरतात हा समज अर्धवट आहे. ती कातडीने श्वास घेतात, पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असेल तर काही जाती आठवडेच्या आठवडे बुडून जगतात. मारतं ते साचलेलं, कुजकं, गरम पाणी. थंड हंगामातला वाहता पूर बरीच सोसतात, उन्हाळ्यातलं उथळ साचलेलं पाणी नाही. आयसेनिएला टेट्राएड्रा नावाची छोटी जात तर ओढ्याच्या कडेला, पाण्याने भिजलेल्या शेवाळात आणि गाळातच राहते. बाकीच्या जाती मेल्या तरी कोष, म्हणजे त्यांच्या अंड्यांची कवचं, बऱ्याचदा वाचतात आणि पाणी उतरल्यावर पिल्लं निघतात. म्हणून पुरानंतर लगेच खणून गांडुळं नाहीत म्हणून घाबरू नका, आणि तुमच्या त्या काळ्या लगद्याच्या जागा मला याच वाटतायत: सखल, पाणी साचणाऱ्या, कदाचित गाळाखाली दबलेल्या. नाकाला लावून बघा, सडक्या अंड्यासारखा वास आला तर तिथे हवा नाही हे पक्कं. तिथे गांडुळं सोडली तर ती पहिल्या रात्रीच निघून जातील. आणि खरं सांगायचं तर ती जागा सुधारायची गरजही नाही, कर्ब आणि हवाबंद ओल दोन्ही असलेली ती जागा नायट्रेट घालवायला तुमच्याकडची सगळ्यात चांगली जागा असू शकते. चर खणून तिचा निचरा करायच्या भानगडीत पडू नका.

जिथे वर्षातले बरेच महिने कोरडे असतात तिथे अजून एक गोष्ट. कोरड्या काळात गांडुळं खोल जाऊन अंगाची गुंडाळी करून म्युकसच्या कोठडीत झोपतात, पाचोळा मात्र त्याच काळात पडतो. पहिला पाऊस पडतो तेव्हा सूक्ष्मजीव एकदम जागे होतात आणि नत्राचा एक झटकन लोट सुटतो, पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च यांनी १९५० च्या दशकात हे सविस्तर मांडलं, म्हणून त्याला बर्च इफेक्ट म्हणतात. तेव्हा गांडुळं अजून वर आलेली नसतात, पानंही फुटलेली नसतात. ओढ्याच्या पाण्यातलं नायट्रेट एकदाच तपासता येणार असेल तर त्या पहिल्या दोन-तीन पावसांत तपासा, नंतरचा नमुना छान दिसेल पण काही सांगणार नाही.

ओढ्यात पडणाऱ्या पानांबद्दलही बोललं पाहिजे, कारण काठाचा पाचोळा म्हणजे फक्त मातीचं खाद्य नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या बेअर ब्रुक या ओढ्यावर फिशर आणि लायकन्स यांनी १९७३ मध्ये हिशोब मांडला तेव्हा त्या जंगलातल्या छोट्या ओढ्यात येणाऱ्या ऊर्जेपैकी ९९ टक्क्यांहून जास्त बाहेरून, म्हणजे पानं, काटक्या आणि काठावरून झिरपणाऱ्या सेंद्रिय पदार्थातून येत होती. पाण्यातही तोच क्रम, आधी बुरशी, मग पानं कुरतडणारे किडे, मग त्यांच्या चुऱ्यावर जगणारे. सावलीतल्या छोट्या ओढ्याचं सगळं घर यावर चालतं. त्यामुळे काठावरचा पाचोळा जितका लवकर संपेल तितकं चांगलं हे गृहीतकच मला पटत नाही. वाऱ्याने घरंगळत थोडी पानं पाण्यात गेली तर जाऊ द्या.

आता बाहेरची गांडुळं का नको ते. उत्तर अमेरिकेच्या ज्या भागावर हिमयुगात बर्फाचे थर होते तिथे मूळची गांडुळं जवळजवळ नव्हतीच, तिथली जंगलं जाड पाचोळ्याच्या थरावर वाढलेली. युरोपातली गांडुळं माणसांबरोबर, झाडांच्या मुळांबरोबर आणि मासेमारीच्या आमिषातून पोचली, मिनेसोटा, न्यूयॉर्क अशा ठिकाणी शुगर मेपलच्या जंगलात तो थर संपला, रोपटी आणि रानफुलं कमी झाली, बारीक मुळांची जागा गेली. त्यावर आता आशियातली ॲमिंथस जातीची उड्या मारणारी गांडुळं पसरतायत, ती वरची माती कॉफीच्या चोथ्यासारखी सुटी दाणेदार करून टाकतात, आणि उतारावर ती पावसात सरकते. उष्ण प्रदेशात पोंटोस्कोलेक्स कोरेथ्रुरस ही दक्षिण अमेरिकेतली जात अशीच जगभर गेलीय, काही ठिकाणी तिची विष्ठा माती घट्ट करते. आणि ओढा तर पसरवायला सगळ्यात सोयीचा, कोष पाण्याबरोबर, गाळाबरोबर खाली जातात, आज तुमच्या पट्ट्यात सोडलेली जात पुढे कुठे पोचेल याच्यावर तुमचा ताबा राहत नाही. ज्या मातीत स्थानिक गांडुळं आधीच आहेत तिथे ती परिस्थिती सुधारली की स्वतः वाढतात, थोडा धीर लागतो इतकंच.

आधी आहेत का ते पाहायचं तर २५ बाय २५ सेंटिमीटरचा चौकोन, ३० सेंटिमीटर खोल, माती प्लास्टिकच्या कागदावर काढून हाताने फोडत मोजा. खोल बिळातली यात हाती लागत नाहीत, त्यांच्यासाठी ४ लिटर पाण्यात साधारण ४० ग्रॅम मोहरीची पूड कालवून पाचोळा बाजूला केलेल्या चौकोनावर हळूहळू ओता, झोंबलं की वर येतात, साध्या पाण्यात धुवून परत सोडा. ओढ्याच्या अगदी कडेला हे करू नका, ते पाणी वाहून जाता कामा नये. माती ओलसर पण चिकट नाही अशा वाफशाच्या दिवशी सकाळी करा, कोरड्यात किंवा कडक थंडीत मोजलं तर शून्य येईल आणि तुम्ही उगाच परत गांडुळं विकत घ्यायला निघाल.

बाकी करायचं ते असं. पाचोळा झाडून गोळा करणं, जाळणं बंद. सगळी एकाच जातीची झाडं असतील तर मध्ये मध्ये नत्र आणि कॅल्शियम जास्त असलेल्या पानांची स्थानिक झाडं घाला, पण नत्र स्थिर करणाऱ्या झाडांचीच रांग पाण्याला चिकटून लावू नका, अल्डरच्या दाट पट्ट्याखालून स्वतःचंच नायट्रेट ओढ्यात झिरपू शकतं, ती थोडी मागे, शेताच्या बाजूला ठेवा आणि पाण्याजवळ भराभर नत्र उचलणारी झाडं-गवत. शेताकडून येणारं पाणी एका घळीतून धावत येत असेल तर ते पट्ट्याच्या वरच्या कडेलाच पसरवा, कारण पट्ट्याच्या एका ठिकाणाहून सगळं पाणी गेलं तर उरलेला पट्टा नुसता शोभेला. अवजड यंत्र आणि जनावरं ओल्या दिवसांत आत नको, दाबलेल्या मातीत गांडुळं शिरत नाहीत. कीटकनाशकाची फवारणी पट्ट्याच्या बाहेरच थांबवा, कार्बामेट गटातली औषधं गांडुळांना विशेष घातक असतात. आणि त्या लगद्याच्या जागी पानांवर गाळाचा थर बसलेला असेल तर तो हाताने उकरून मिसळत बसू नका, पुढच्या पुरापर्यंत त्यावर काय उगवतं ते बघा, ओली जमीन सोसणारं गवत आपोआप आलं तर मुळांच्या वाटेने हवा खाली जाईल, आणि त्यानंतर पिशव्या परत ठेवून वजनं इथे टाका, मग त्या जागेबद्दल नेमकं बोलता येईल.